साडेपाच पौंड

उपकेंद्राचा डिजिटल काटा दिवाळीपासून अकोल्याला दुरुस्तीत.
म्हणून कपाटामागून हा काढला,
मिशनच्या दवाखान्यातून कधीतरी आलेला,
काच तडकलेली, तबकडी पिवळी,
आकडे पौंडांचे.

झोळीत प्रणाली तायडेचा मुलगा, तिसरा दिवस.
काटा थरथरला, मागं गेला, पुढं आला,
पाच आणि सहाच्या मधल्या रेघेवर
थांबल्यासारखं केलं.

नोंदवहीला पौंड कळत नाहीत.
तिला किलो हवेत, टिंबानंतर तीन घरं भरून,
आणि अडीचच्या खाली गेलं की तांबडी शाई.

नर्सिंगला शिकवलं होतं,
पौंडाला दोन पूर्णांक दोननं भागायचं.
साडेपाच भागिले दोन पूर्णांक दोन
अडीच. बाकी शून्य.
इतकं चोख उत्तर मला परीक्षेतही आलं नव्हतं,
म्हणूनच शंका आली.

मोबाईलवर दुसऱ्या वाटेनं गेले.
एक पौंड म्हणजे शून्य पूर्णांक चार पाच तीन सहा.
दोन हजार चारशे पंच्याण्णव ग्रॅम.
पाच ग्रॅम कमी.
चहातली एक चमचा साखर.
टिंबापुढं मी किती घरं जाणार
त्यावर ठरणार होतं
हे पोर निळ्या शाईत झोपेल की तांबड्या.

ओट्यावर उकंडराव बसलेले, बीपीच्या गोळ्यांसाठी.
जिन बंद होईस्तोवर तिथल्या काट्यावर होते.
"किती भरलं वं सिस्टर?"
"साडेपाच पौंड."
डोळे मिटून बोटांची पेरं मोजली,
"अडीच शेर, वर पावणेतीन छटाक."
मी मोबाईलवर ताडून पाहिलं. होतं तेवढंच.

"शेराचे छटाक सोळा, पौंडाचे औंस सोळा,
म्हनून आमाले पौंड कधी परका वाटला नाई.
गाठ पौंडात, गाडी मणात,
मंग किलो आला, तं तीन पाट्या एकाच भिंतीले.
तिन्हीत खोटं कसं बोलतात ते म्या पाह्यलं.
पन गाठ दम घेत नाई, म्हनून तिचा काटा थांबते.
लेकराचा काहून थांबन?"

मग स्वतःशीच हसले.
"मले तं कोनी तोललंच नाई.
चार गेले होते माह्याआधी. आईनं उकिरड्यावर ठेवलं,
शेजारनीनं पायलीभर जवारी देऊन इकत घेतलं.
पायलीभर जवारी, हे माहं वजन.
किलोत सांग बरं."

मी पायलीचं गणित सुरू करणार
तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं,
"कडता धरला का?
पोत्याचं वजन?"

झोळी.
मी झोळी वजा केलीच नव्हती.

पोर आईकडं दिलं, रिकामी झोळी टांगली.
काटा तीन बारीक रेघा चढला आणि तिथंच राहिला, निमूट.
पाच पौंड पाच औंस.
दोन पूर्णांक चार एक शून्य.
पाच ग्रॅमांसाठी मी अर्धा तास भांडले
आणि वीतभर कापड विसरले.

"लिहा तांबड्यानं," उकंडराव म्हणाले,
"तांबडं लिहिलेलं लोक दोनदा पाह्यतात."
मी लिहिलं. पुढच्या चारही मंगळवारांवर खूण केली.

प्रणाली इतका वेळ ऐकत होती,
पदराखाली पोराचं चुटूचुटू चाललेलं.
"याचा बाप सुरतेले हाय.
सांजच्याले फोन करन. किती सांगू त्याले?"

मी किलो सांगितले. उकंडरावांनी शेर.
तिनं दोन्ही ऐकून घेतले
आणि पोर या हातावरून त्या हातावर घेतलं.

"मी सांगतो, भरल्या तांब्यापरीस जड हाय,
कळशीपरीस हलका.
त्याले समजन."